फासा फसला तरी खेळ पुढे सरकला पाहिजे

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, गेम मास्टर गोष्ट पुढे नेतो आणि अवघड कामाचा निकाल फाशावर लागतो. समजा, अशा खेळात चौघांची टोळी बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकापाशी पोचली आहे. पावसाळ्याची रात्र. त्यांचा एक माणूस आत कोठडीत अडकलाय आणि समोरच्या लहान दिंडीला कुलूप आहे. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, 15. खेळाडूचा बोनस, म्हणजे पात्राच्या कसबाबद्दल फाशात मिळवायचा आकडा, +3. वीस पैलूंचा फासा पडतो 7 वर, एकूण झाले 10. गेम मास्टर म्हणतो, "नाही उघडलं." शेजारचा लगेच विचारतो, "मग मी बघू काय?" त्याचाही फसतो. तिसरीने तोवर फासा उचललेला असतो.

आता हिशेब बघा. +3 बोनस असताना 15 गाठायला फाशावर 12 किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता 45 टक्के. चौघांनीही हात आजमावला आणि सगळ्यांचा बोनस तेवढाच धरला, तर कुणा एकाचं तरी जमण्याची शक्यता 91 टक्क्यांवर जाते. म्हणजे कुलूप जवळजवळ नक्की उघडणार होतं आणि मधली दहा मिनिटं वाया गेली. उरलेल्या 9 टक्क्यांत तर आख्खी मोहीम एका दिंडीपाशी अडकून बसते. पहारेकरी जागा होत नाही, वेळ सरत नाही, कुणाचं काही जात नाही. चौघांनी फासे टाकले आणि गोष्ट जिथल्या तिथे राहिली.

गेम मास्टरने पाळायचा नियम एकच आहे. फसलेल्या फाशानंतर परिस्थिती आधीसारखी राहता कामा नये, आणि ती कशी बदलणार हे फासा हातातून सुटायच्या आधी ठरलेलं असावं. तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत असा, कॉल ऑफ क्थुल्हू खेळत असा किंवा घरी बसून दोन ल्युडोचे फासे घेऊन स्वतःचे नियम केले असोत, हे सगळीकडे लागू पडतं.

फासा टाकायचाच कशाला?

अपयशाची निम्मी कटकट नको तिथे फासा मागितल्यामुळे होते. खेळाडू "मी अमुक करतो" म्हणाला की मनात तीन गोष्टी तपासा. हे ह्या माणसाला जमण्यासारखं आहे का, आणि न जमण्यासारखंही आहे का? नाही जमलं तर काही बिघडणार आहे का? पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला हवा तेवढा वेळ हाताशी आहे का?

वेळ भरपूर आहे आणि बिघडण्यासारखं काही नाही, तर फासा नको. "अर्धा तास गेला, कुलूप उघडलं," म्हणा आणि पुढे चला. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ह्यासाठी नियमच होता. धोका आणि घाई नसेल तर फाशावर 20 पडले असं धरायचं, मात्र कामाला वीसपट वेळ लागतो. नियमाचं नाव विसरलात तरी चालेल, कल्पना मात्र कायम वापरा. उलट, पुराच्या पाण्यात तीस हात रुंद ओढ्यावरून उडी मारणं कुणालाच जमणार नसेल, तर तेही फासा न मागता सांगून टाका. फासा टाकायला लावून वर "20 पडले तरी नाही" म्हणणं हा खेळाडूवर अन्याय आहे.

माग काढण्याच्या, गुन्ह्याच्या गोष्टींत हे सगळ्यात जास्त बोचतं. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत मुनीम मरून पडलाय आणि खऱ्या हिशेबाची वही गादीखाली आहे. ती वही सापडली नाही तर पुढचं काहीच घडत नाही. मग ती शोधण्यासाठी फासा का मागायचा? 2007 पासून आलेल्या गमशू पद्धतीच्या खेळांनी हा प्रश्न मुळातून सोडवला. योग्य कसब असलेलं पात्र योग्य जागी शोधत असेल तर कथेला लागणारा धागा त्याला मिळतोच, त्यासाठी फासा नाही. फासा मागायचाच असेल तर भोवतालच्या गोष्टींसाठी मागा. वही वाचून होईपर्यंत वखारीचा राखणदार परत येतो का? गादी उचलल्याचं मागाहून कुणाच्या लक्षात येतं का? इथे फसलं तरी वही हातातच राहते, फक्त प्रकरण तापतं.

फासा लागणारच असं ठरलं की काय पणाला लागलंय ते मोठ्याने सांगा. पात्र काय करतंय हे कळणं पुरेसं नसतं, ते कशासाठी करतंय हेही विचारा. दिंडीपाशी पुन्हा जाऊ:

"कुलूप उघडतोस ते कशासाठी? लवकर आत शिरायला की गुपचूप?"

"गुपचूप. आवाज नको."

"बरं. फसलं तर कुलूप उघडेल, पण कडी दगडावर आपटेल आणि वरचा पहारेकरी मशाल घेऊन वाकून बघेल. टाकतोस काय?"

"थांब की जरा. आधी कडीला चिंधी गुंडाळतो."

ही चिंधी महत्त्वाची आहे. धोका ऐकल्याबरोबर खेळाडू गोष्टीत शिरला आणि डोकं चालवायला लागला. त्या चिंधीबद्दल त्याला अॅडव्हांटेज द्या, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. एवढं करूनही फसलं, तर तो तुमच्यावर नाराज होणार नाही, कारण किंमत त्याने स्वतः कबूल केली होती. बर्निंग व्हील ह्या खेळाची सगळी मांडणीच ह्या हेतू आणि कृतीच्या जोडीवर उभी आहे.

वेगवेगळे खेळ अपयश कसं मोजतात

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ हिशेब दोनच उत्तरांचा आहे, जमलं किंवा नाही. डीसी 10 सोपा, 15 मध्यम, 20 अवघड. ह्या दोन टोकांच्या मध्ये काही ठेवायचं असेल तर ते गेम मास्टरनेच ठेवायचं. सोपी सवय अशी लावा: एक किंवा दोन आकड्यांनी हुकलं तर काम होतं पण किंमत मोजून, आणि पाच किंवा जास्तने हुकलं तर काम होत नाही आणि वर किंमतही पडते. पाथफाइंडरच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत तर चार पायऱ्या नियमातच आहेत. डीसीपेक्षा 10 वर गेलं तर मोठं यश, 10 ने खाली राहिलं तर मोठं अपयश, आणि फाशावर 1 पडला तर निकाल एक पायरी खाली उतरतो.

2010 साली आलेल्या अपोकॅलिप्स वर्ल्डने दोन साध्या, सहा पैलूंच्या फाशांवर तीन उत्तरं बसवली. बोनस धरून 10 किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश, 7 ते 9 म्हणजे यश पण अडचणीसकट, आणि 6 किंवा कमी पडले की सूत्रं गेम मास्टरच्या हातात. ह्यातले आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. बोनस शून्य असेल तर 6 किंवा कमी येण्याची शक्यता 42 टक्के, 7 ते 9 ची 42 टक्के आणि पूर्ण यशाची फक्त 17 टक्के. बोनस +2 झाला की अपयश 17 टक्क्यांवर येतं आणि पूर्ण यश 42 टक्क्यांवर जातं, पण मधला पट्टा 42 वरच राहतो. म्हणजे पात्र कितीही तयार झालं तरी "झालं, पण..." हे उत्तर सतत येत राहणार. गोष्टीला गती मिळते ती ह्या मधल्या पट्ट्यामुळेच. नवीन टोळी जमवायची असेल तर आमची पहिली शिफारस ह्याच पद्धतीची राहील. बाजारात मिळणारे ल्युडोचे दोन फासे आणि एक पेन्सिल एवढ्यावर भागतं.

ब्लेड्स इन द डार्कमध्ये (2017) सहा पैलूंचे एक किंवा जास्त फासे टाकून सगळ्यात मोठा आकडा बघतात. 6 पूर्ण यश, 4 किंवा 5 किंमतीसह यश, 3 पर्यंत अपयश. एका फाशावर अपयश 50 टक्के, दोनवर 25, तीनवर साडेबारा. पण त्यातली खरी शिकण्याची गोष्ट वेगळी आहे. फासा टाकण्याआधी गेम मास्टर सांगतो की स्थिती आटोक्यातली आहे, जोखमीची आहे की जिवावरची. अपयश केवढं जड पडणार हे त्या शब्दावरूनच कळतं. हे तीन शब्द कुठल्याही खेळात उचलून आणता येतात. उचलाच.

कॉल ऑफ क्थुल्हूच्या सातव्या आवृत्तीत शंभरचा फासा असतो आणि आपल्या कसबाच्या आकड्याएवढं किंवा त्याखाली पडावं लागतं. फसलं तर खेळाडू एकदा पुन्हा जोर लावू शकतो. त्यासाठी दोन अटी आहेत: ह्या वेळी वेगळं काय करतोय हे सांगायचं, आणि पुन्हा फसलं तर आधीपेक्षा वाईट होणार हे मान्य करायचं. लढाईत, नशिबाच्या किंवा मानसिक तोलाच्या फाशावर अशी दुसरी संधी नसते. "मी परत बघतो" ह्या रोगावरचा हा सगळ्यात चांगला उतारा आहे आणि तो डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही जसाच्या तसा चालतो.

एकट्याने किंवा दोघांनीच खेळायचं असेल तर आयर्नस्वॉर्न बघा, त्याची पीडीएफ फुकट मिळते. एक सहाचा फासा अधिक बोनस, विरुद्ध दोन दहाचे फासे. दोन्हींपेक्षा जास्त आलं तर दणदणीत यश, एकापेक्षाच जास्त आलं तर कच्चं यश, आणि कुठल्याच फाशाला मागे टाकता आलं नाही की किंमत मोजा. ती किंमत काय, ह्याचा तक्ता पुस्तकातच आहे.

किंमत कशात मोजायची

गेम मास्टर सगळ्यात जास्त अडखळतात ते इथे. फासा फसला, सगळे तोंडाकडे बघतायत आणि काही सुचत नाही. मग सवयीने "सहाचा फासा टाक, तेवढं नुकसान" असं तोंडातून जातं.

एक प्रसंग घेऊन बघू. टोळीकडे खलिता आहे आणि तो बेळगावहून भीमगडाला पोचवायचाय. वाटेत खानापूरपाशी मलप्रभा दुथडी भरून वाहतेय. नावाडी यायला तयार नाही. वाटाडी गंगू दोर घेऊन पुढे उतरते, फासा टाकते, आणि फसतो. गंगू बुडाली असं म्हणून गोष्ट संपवायची नाही, आणि "पाणी जास्त आहे, परत फिरा" म्हणून थांबवायचीही नाही.

तुम्ही वेळ घेऊ शकता. सगळे पलीकडे लागतात, पण प्रवाहाने बरंच खाली नेलेलं असतं, झाडी तुडवत वाट गाठेपर्यंत दिवस मावळतो आणि हेम्मडग्याच्या पुढचं जंगल आता रात्री ओलांडावं लागणार. तुम्ही सामान घेऊ शकता: तीन दिवसांची शिधा वाहून गेली किंवा बंदुकीची दारू भिजली. तुम्ही जागा बिघडवू शकता: दोर तुटला, दोघं ह्या काठावर आणि दोघं त्या काठावर. तुम्ही कुणाची तरी नजर त्यांच्यावर आणू शकता: पलीकडच्या टेकाडावर एक घोडेस्वार थांबून सगळं बघत होता आणि आता तो वळून निघालाय. नाही तर तुम्ही निवड समोर ठेवू शकता: "खलित्याची पिशवी कमरेतून सुटतेय आणि मागे सोमूचा हातही सुटतोय. तुझा एकच हात मोकळा आहे. काय धरतेस?"

ह्यांतली निवड सगळ्यात भारी. फासा फसला तरी पुढचं पाऊल खेळाडूच्या हातात राहतं, आणि तिने जे सोडलं त्याची आठवण पुढच्या सेशनपर्यंत, म्हणजे खेळाच्या पुढच्या बैठकीपर्यंत, टिकते. शरीराचं नुकसान सगळ्यात हलकं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत पात्राने आठ तासांची मोठी विश्रांती घेतली की गेलेले सगळे हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरलाय ते मोजणारे गुण, परत येतात. नदीत घेतलेला मार सकाळी पुसला गेलेला असतो. गेलेली संध्याकाळ आणि निसटलेला घोडेस्वार मात्र विश्रांतीने परत येत नाहीत. म्हणून लढाईबाहेर नुकसानीचा फासा शेवटचा पर्याय धरा.

किंमत धोक्याच्या मापाची हवी. बाजारात घासाघीस करताना फसलं म्हणून दुकानदाराने तलवार उपसू नये. तो भाव वाढवेल, नाही तर जवळच्या माणसाला सांगेल की हे लोक भीमगडाची वाट विचारत होते. मोठं संकट आणायचं असेल तर आधी त्याची चाहूल द्या आणि दुर्लक्ष झालं तरच घाव घाला. वरच्या झाडीत गवा फुरफुरल्याचं ऐकवा, त्यानंतरच्या फसलेल्या फाशावर तो वाटेत येऊ द्या. चाहूल न देता आलेला गवा खेळाडूंना सूडासारखा वाटतो.

दोष कुणावर टाकता ह्याकडे तर फारच लक्ष हवं. गंगू ह्या जंगलात वाढलेली आहे. ती नवख्या माणसासारखी घसरून पडली असं सांगितलंत, तर त्या खेळाडूने बनवलेलं पात्र तुम्ही एका वाक्यात खोटं पाडलंत. परिस्थितीला बोलू द्या: वरच्या अंगाला कणकुंबीकडे ढग फुटला होता आणि ती मध्यावर असतानाच पाण्याचा लोंढा आला, किंवा पायाखालचा ओळखीचा दगड ह्या वर्षीच्या पुरात हललेला होता. निकाल तोच राहतो, पण पात्राचं कसब शाबूत राहतं. लोक फासा फसल्यामुळे चिडत नाहीत, आपलं पात्र मूर्ख दिसल्यामुळे चिडतात.

घड्याळ काढा

प्रत्येक अपयशाचा परिणाम लगेच दाखवता येत नाही. किल्ल्यात शिरल्यावर पहिल्याच खुट्ट आवाजाला सगळे पहारेकरी धावून आले तर रात्रीची मोहीम पाच मिनिटांत संपते. त्यासाठी घड्याळ वापरा. कागदावर वाटीच्या कडेने एक गोल काढा, त्याचे सहा भाग करा, वर लिहा: "पहारा सावध". कागद सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवा. फासा फसला की भाग रंगवायचे. स्थिती आटोक्यातली असेल तर एक, जोखमीची असेल तर दोन, जिवावरची असेल तर तीन. सहाही भाग रंगले की नगारा वाजतो.

चार भागांचं घड्याळ लहान प्रसंगाला, सहाचं एका रात्रीच्या कामाला, आठचं दोन-तीन सेशन चालणाऱ्या संकटाला. एका वेळी टेबलावर दोनपेक्षा जास्त घड्याळं नकोत, नाहीतर खेळाडू गोष्ट सोडून गोल बघत बसतात. आणि घड्याळ लपवून ठेवू नका. तीन भाग रंगलेले दिसले की कुणीतरी आपणहून म्हणतं, "आता पुरे, निघूया." घड्याळ काढलंय ते ह्याच निर्णयासाठी.

एकाच कामाला किती फासे?

तट चढायला तीन वेळा फासा मागितला आणि प्रत्येक वेळी यशाची शक्यता 65 टक्के असली, तर तिन्ही जमण्याची शक्यता उरते 27 टक्के. गेम मास्टरला वाटतं आपण रंगत वाढवतोय, प्रत्यक्षात त्याने चढाई जवळजवळ अशक्य करून ठेवली. एका हेतूला एक फासा, आणि परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तोच निकाल कायम. जमलं तर "आता पुन्हा टाक" नाही, फसलं तर "मी पुन्हा बघतो" नाही.

चौघं मिळून गुपचूप जात असतील तेव्हाही तेच. प्रत्येकाची शक्यता 70 टक्के असली आणि सगळ्यांनी पास व्हायलाच हवं असं धरलं, तर टोळी 24 टक्के वेळाच निभावते. पाचव्या आवृत्तीतला गटाचा नियम लावा: निम्मे किंवा जास्त जमले तर सगळे पार. तीच टोळी आता जवळजवळ 92 टक्के वेळा पार होते. ज्याचा फसला त्याला विचारा, तो कुठे अडखळला आणि बाकीच्यांनी त्याला कसं सावरलं. चिलखतातला शिपाई आणि त्याच्या पट्ट्यात ओढणी कोंबणारी चोर, असे छोटे प्रसंग त्यातून आपोआप मिळतात.

माहिती आणि बोलणं

बघण्याच्या, ऐकण्याच्या, आठवण्याच्या फाशावर फसलं की "तुला काही दिसत नाही" हे उत्तर निरुपयोगी आहे. खेळाडूला फाशावरचा 4 दिसलेला असतो, म्हणजे काहीतरी आहे हे त्याला कळलेलंच असतं. मग बाकीचे तीनही जण फासे उचलतात. त्यापेक्षा खरी माहिती द्या, पण उशिरा किंवा महागात. बारापेड्याच्या गुहेपाशी कान देऊन ऐकणाऱ्याचा फसला, तर त्याला माणसांची चाहूल लागते, पण ती माणसं गुहेच्या तोंडाशी येऊन ठेपलेली असतात. खोटी माहिती देण्याचा मोह टाळा. एकदा खोटं सांगितलंत की खेळाडू तुमच्या प्रत्येक वर्णनावर शंका घेतात, आणि तो विश्वास परत मिळवणं फार जड जातं. ज्याच्यासाठी फासा मागावासाच वाटत नाही तिथे पॅसिव्ह आकडा वापरा, म्हणजे 10 अधिक बोनस.

आपल्या सीमाभागातल्या टेबलांसाठी एक खास सूचना. खेळात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसं येणारच. गोकाकच्या बाजारातला व्यापारी आणि खानापूरचा गाडीवान एकमेकांशी सहज बोलतात, त्याला फासा नको. पात्राला दोन्ही भाषा येतात असं त्याच्या शीटवर, म्हणजे माहितीच्या कागदावर, लिहिलंय तर फसलेल्या फाशावर त्याची भाषा चुकवू नका. मन वळवण्याचा फासा फसला म्हणजे समोरच्याला सगळं नीट समजलं, पण त्याने नकाराला कारण दिलं किंवा अट घातली. "तुमचं पटतंय, पण पाटलांच्या शब्दाशिवाय गाडी देत नाही." आता पाटलांकडे जायचं की गाडी चोरायची, हा प्रश्न टोळीसमोर आहे. भाषेची चेष्टा करून मिळवलेलं हसू टेबलावरच्या कुणाला तरी लागतं.

फाशावरचा 1

पाचव्या आवृत्तीत फाशावर 1 पडला की हल्ला हुकतोच, बोनस कितीही असो. मरणाच्या दारातल्या सेव्हमध्ये (सेव्ह म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) तो दोन अपयशं धरला जातो. कसबाच्या तपासणीत मात्र 1 ला नियमाने काही विशेष अर्थ नाही. तरीही पुष्कळ टेबलांवर 1 पडला की तलवार तुटते, धनुष्याची दोरी गळ्यात अडकते, बाण मित्राला लागतो. हे करू नका, आणि कारण साधं गणिताचं आहे. पहिल्या लेव्हलचा (लेव्हल म्हणजे पात्राच्या तयारीची पायरी) फायटर, म्हणजे लढवय्या, एका पाळीत एकच वार करतो, त्याला 1 पडण्याची शक्यता 5 टक्के. अकराव्या लेव्हलला तीन वार, शक्यता 14 टक्के. विसाव्या लेव्हलला चार वार, जवळजवळ 19 टक्के. लढवय्या जितका तरबेज, तितका जास्त वेळा स्वतःचा पाय कापून घेणार. आणि ज्यात शत्रूच सेव्ह टाकतो असा मंत्र मारणारा जादूगार कधीच फसत नाही. 1 ला काही वेगळं द्यायचंच असेल तर शत्रूला एक छोटी संधी द्या: तो एक पाऊल पुढे सरकतो किंवा पळायची वाट मोकळी करतो.

लढाईत साधा वार हुकला तर एका वाक्यात संपवा आणि पुढच्याकडे वळा. फक्त "हुकला" म्हणण्याऐवजी ढालीवर आपटला, त्याने मान वळवली, एवढं सांगितलं तरी पुरतं.

खेळाडूला अपयश परवडलं पाहिजे

अपोकॅलिप्स वर्ल्डच्याच पद्धतीवरच्या डंजन वर्ल्ड ह्या खेळात 6 किंवा कमी पडले की खेळाडू एक एक्सपी, म्हणजे अनुभवाचा गुण, मांडून घेतो. ब्लेड्समध्ये जिवावरच्या स्थितीत फासा टाकला की निकाल काहीही लागो, एक्सपी मिळतो. हा छोटा नियम उचलून बघा. शाळेच्या सुट्टीत खेळायला बसणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या टेबलावर तर तो हवाच, कारण तिथे एक वाईट फासा पडला की डोळ्यांत पाणी येतं. "फसला, एक खूण कर," म्हटलं की हात पेन्सिलीकडे जातो आणि खेळ चालू राहतो. आठ खुणा झाल्या की एका कसबाचा बोनस एकने वाढवा, एवढं प्रमाण पाचव्या आवृत्तीतही झेपतं, मात्र एकच कसब दोनदा वाढवू देऊ नका.

सेशनच्या आधी एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तयारी करा. मोहिमेत जिथे फासा पडणार हे दिसतंय अशा चार-पाच जागा लिहा: खंदक, दिंडी, नदी, जंगल, गडाचा दरवाजा. प्रत्येकीसमोर एक लहान किंमत आणि एक मोठी किंमत, चार-चार शब्दांत. "कडीचा आवाज / ओळखीचा पहारेकरी." "शिधा गेली / टोळी फुटली." निम्मं वापरलं जाणार नाही, पण ऐन वेळी नजर टाकायला काहीतरी असतं.

कागदावरचं संपलं आणि काहीच सुचेना, तर खेळाडूंनाच विचारा: "ह्यात सगळ्यात वाईट काय घडू शकेल?" बहुतेक वेळा ते तुमच्यापेक्षा जड किंमत सुचवतात, ती थोडी हलकी करून घ्या. तेही नको असेल तर काम होऊ द्या आणि एक चिंचोका वाटीत टाका. तो चिंचोका म्हणजे तुमची उधारी: पुढे कधीही तो उचलून तुम्ही एक अडचण आणू शकता. वाटीत दोनपेक्षा जास्त साठू देऊ नका आणि सेशन संपायच्या आत ते वापरून टाका. पुढच्या आठवड्यात तो चिंचोका कुठल्या फाशाचा होता हे कुणालाच आठवत नाही, आणि मग आलेली अडचण उगाच आल्यासारखी वाटते.